एल्मरचं दार कुठलं?

मंडळी, आधी एक प्रश्न. माझा नाही हं! त्या बघा माझ्या मैत्रिणी शलाका आणि मैत्रेयी, खांबाआड तोंडावर ओढणी धरून खिदळतायत — त्यांनी पैज लावली. म्हणाल्या, "एवढी नारदांच्या गादीवर उभी राहतेस ना? मग भर देवळात विचार — ज्याच्या घरी सगळं आहे, तो हरवल्यासारखा का फिरतो?" घ्या! विचारला!

तुम्हाला वाटलं, पोरगी आता ध्रुवबाळ सांगणार. छे! आज जायचंय अमेरिकेला. व्हिसा नको, विमान नको — दिनूकाका, फक्त पेटीचा सूर सोडू नका!

ऐका. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. ज्या कारखान्यांत रणगाडे व्हायचे, तिथे आता फ्रिज, मोटारी, कपडे धुण्याची यंत्रं! माल निघाला बदाबदा. पण घेणार कोण? ज्याला गरज आहे तो घेईलच. ज्याला नाही, त्याच्या मनात ती पेरायला हवी! हे पेरणीचं काम करायचा आपला एल्मर. जाहिरात कंपनीत लेखक. त्याचं गाजलेलं वाक्य काय? "शेजाऱ्यांकडे फ्रिज आला. तुमच्याकडे?" संपलं! माणसाची झोप उडाली! त्या काकू का हसल्या? लागलं वाटतं कुठेतरी!

एल्मर राहायचा नव्या वसाहतीत. सगळी घरं सारखी. पांढरं कुंपण, लाल दार, दारात मोटार. एका संध्याकाळी तो दमून आला, टोपी खुंटीला अडकवली, टेबलाशी बसला. "लोइस, वाढ गं." बाईने खिमा वाढला. अर्धं जेवण झालं आणि ती वळली — अहो, ती त्याची बायको लोइस नव्हेच! शेजारीण!

थांबा, हसू नका. खरी गंमत पुढेच आहे. त्या बाईलाही पत्ता नव्हता! हाच आपला नवरा, असं समजून तिने दोनदा वाढलं! आणि तिचा नवरा? तो एल्मरच्या घरी, लोइसच्या हातचा तसलाच खिमा खात, तिच्याशी रोजचंच भांडण भांडत होता!

एल्मर बाहेर आला. रस्त्यावर उभा. मनात म्हणतो, "तिने मला ओळखलं नाही, ठीक. पण मी तरी मला कशावरून ओळखायचं?" झाला ना गोंधळ!

त्याने कविता लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा कंपनीसाठी नाही, स्वतःसाठी. पहिलीच ओळ — "तुझं दार तूच शोध."

आता शहरात एका तळघरात होतं कॉफीचं दुकान. तिथे जमायचे बंडखोर लेखक. लोक त्यांना म्हणायचे आळशी, वेडे, देशबुडवे! आणि ते म्हणायचे, "अरे, घरात इतक्या वस्तू भरल्यात, की माणसाला बसायला जागा उरली नाही!" मागे ढोल वाजतोय, पुढे माणूस उभा राहून कविता म्हणतोय — म्हणजे कीर्तनच की हो! फक्त बुक्का नाही, कॉफी.

एल्मरने तिथे कविता म्हटली. लोकांनी चुटक्या वाजवल्या. हो, तिकडे टाळ्या नाहीत, चुटक्या! एल्मरचा ऊर भरून आला. वाटलं, सापडलं दार! तेवढ्यात काळ्या स्वेटरमधला एक दाढीवाला कानाशी आला. "गड्या, दाढी कधी वाढवतोस? आमच्यातला वाटत नाहीस."

एल्मरने सभोवार पाहिलं. सगळे काळे स्वेटर! सगळ्यांना दाढ्या! अरे देवा — इथेही सगळी दारं सारखीच?

मग चूक कोणाची? त्या लेखकांची? नाही बाई, त्यांनी प्रश्न तर खरा विचारला होता. मग बरोबर कोण? मंडळी, खरं सांगू? इथे माझंही डोकं गरगरतं. पुढे चला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कविता त्यांच्या कानावर गेली होती. एल्मरला वाटलं, नोकरी गेली. साहेब उठून मिठी मारतात! "वा! 'तुझं दार तूच शोध'! एल्मर, दारांचा रंग विकू आपण! निळा, हिरवा, पिवळा! सगळ्यांना सांगू, वेगळे व्हा! ओळ कंपनीला दे, उद्यापासून तू माझ्या शेजारच्या खोलीत."

बघा पेच! दिली तर खुर्ची मिळते, पण आयुष्यात एकच ओळ स्वतःची, तीही रंगाच्या डब्यावर चिकटते. नाही दिली तर नोकरी जाते.

"साहेब, नाही देता येणार."

"का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? हे काय उत्तर झालं?"

"तेच तर, साहेब! उत्तरच सापडलेलं नाही. माझा प्रश्न अजून मलाच सुटला नाही, तो मी लोकांना विकू कसा?"

गेली नोकरी.

एल्मर वसाहतीत आला. तिन्हीसांजा. लाल दार, लाल दार, लाल दार! कुठलं आपलं? दार शोधणं त्याने सोडूनच दिलं. भर रस्त्यात उभा राहिला आणि हाक मारली — "लोइस!"

सगळ्या खिडक्या उघडल्या. पण धावत आली एकच. हाताला पीठ, कपाळाला आठी. "ओरडतोस काय? शेजारी काय म्हणतील!"

"म्हणू देत," एल्मर म्हणाला. "तू मला ओळखलंस कसं?"

"वेड्या, आवाज तुझाच ना!"

मंडळी, आपण देवाला दार क्रमांक विचारतो का हो? हाक मारतो! दारं सारखी असोत, हाक ज्याची त्याची. मग आपण पोरांना हाक कशी मारतो? "सगळ्या मैत्रिणी त्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला चालल्या. तू?" अहो, हे तर फ्रिजचंच वाक्य!

आई, बाबा, पदराआड लपू नका, दिसताय मला. उद्या त्या क्लासात नाव घालायचा शेवटचा दिवस आहे. माझं नाव घालायचं नाही, हे मी ठरवलंय. मग काय करणार? ते अजून कळलेलं नाही.

कळलं, की पहिली हाक तुम्हालाच मारीन. तेवढा आवाज ओळखा!