बिनआवाजाची दोन मिनिटं

माहा जलम इंझोरीचा, पण माह्यं खरं शिक्षण तंबूत झालं. सोळाव्या वर्षी मी फिरत्या टाकीजवर मशीन चालवाले लागलो, पोहरादेवीची जत्रा, शिरपूरची जत्रा, जिथं माणूस जमे तिथं आमचा तंबू, आन आज सत्तावन्न वर्षाचा होऊन पिठाची गिरणी चालवतो तरी गावात मले नावानं कोणी हाक मारत नाही, टाकीजवाले मामा म्हणतात. या नावाचा मले अभिमान होता, हे आधीच कबूल करतो, कारण पुढचा गुन्हा त्या अभिमानातूनच झाला.

तंबूची एक रीत होती. पडदा मधात टांगलेला, एका बाजूले माणसं, दुसऱ्या बाजूले बाया. पडद्यावर पाणी मारलं की चित्र कपड्यातून आरपार उतरे, माणसाइले सरळ दिसे, बायाइले उलटं. त्याइच्या बाजूनं हिरो डाव्या हातानं बंदूक चालवे, पण बाया कधी कुरकुरल्या नाहीत. कुरकुर सारी माणसाइची. जरा रडणं आलं की शिट्ट्या, ए मशीनवाले, ढकल ना पुढं. मालक म्हणे काप, आन मी कापो. एकदा पोहरादेवीले बहिणीच्या बिदाईचा सीन पहिल्या दिवशी दाखवला आन दुसऱ्या दिवशी उडवला. खेळ सुटल्यावर एक म्हातारी मशीनपाशी आली, म्हणे बापू, कालच्या बायाइनं सांगतलं म्हून मी तीन कोस पायी आली, ते लेकीचं जाणं काहून नाही दाखवलं? मी म्हटलं, बुढे, बायाइले पिच्चरमधलं काय समजते. तिनं पडद्याकडं एकदा पाह्यलं आन गेली. तिचं तोंड मले तेव्हा दिसलं नाही, आता दिसते.

तंबू गेले, टीव्ही आला, मंग फोन आला, आन काय सांगू तुमाले, आता तं प्रत्येकाच्या हातात कात्री आली. मी मोठ्यानं बोलणारा माणूस नाही, पण याचा मले संताप येते. जेवता जेवता पाहाचं, शेळी दोहता दोहता पाहाचं, तेबी पुढं ढकलत ढकलत, आन बकवास म्हणून मोकळं व्हाचं. अरे, कोणी उन्हात उभं राहून ते केलं, तुमी दात कोरता कोरता मोडीत काढलं! मालिकेतली सासू दुष्ट, तं ते काम करणाऱ्या बाईलेच चपलेनं हाणा म्हणतात. एक जण गिरणीवर म्हणे, मामा, त्या पिच्चरचा शेवट अगदीच पडेल हाय. म्हटलं, पाह्यला काय? म्हणे नाही बाप्पा, चहाच्या टपरीवर आयकलं. आन अशा लोकाइले मी नावं ठेवतो, तो मी काय वेगळा होतो?

आमच्या शेजारच्या उत्तमची पोरगी, रेणू. मानोऱ्याच्या चार पोट्ट्याइनं मिळून फोनवरच एक गोष्ट चित्रित केली, पाच भागाची, त्यात ती ऊसतोडीले गेलेल्या माणसाची बायको झाली होती. एक दिवस गिरणी चालू, पट्ट्याचा घरघराट, आन कोणीतरी फोन माह्या नाकापुढं धरला, म्हणे मामा, सांगा, तुमी तं टाकीजवाले. मी दोन मिनिटं पाह्यलं. आवाजाचा एक शब्द कानावर आला नाही. रेणूचं तोंड तेवढं दिसलं, ओठ वाकडे, गाल ताणलेले. म्हटलं, तोंडं करते बाप्पा, याले अभिनय म्हणत नाहीत. सारे हसले. दुसऱ्यानं जोडलं, पिशवी घेऊन घर सोडून पळते म्हणे त्याच्यात. संध्याकाळपर्यंत हे उत्तमच्या ओट्यावर पोचलं. उत्तम पोरीले म्हणे, टाकीजवाले मामाच तसं म्हणते तं झालं, बस कर आता. सोमवारी तिचं दुसऱ्या गोष्टीचं काम सुरू होणार होतं. ती आली नाही तं ते दुसरी पोरगी घेणार होते.

रेणू गिरणीवर आली, हातात ज्वारीचा डबा. म्हणे मामा, पट्टा बंद करा, एक विचाराचं हाय. मी केला. तुमी पाह्यलं? म्हटलं हो. पुरं? म्हटलं, हो व माय. मंग सांगा, ते बाई पिशवी घेऊन कुठं जाते? पट्टा बंद झाल्यावर गिरणीत किती शांत असते ते मले त्या दिवशी कळलं. मी पिठाचे हात पुसत राह्यलो. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणे, ज्वारी बारीक दळजा, बाबाचे दात दुखतात.

मी गिरणीले कुलूप लावलं आन पाचही भाग आवाजासकट पाह्यले. ते बाई पळत नाही. कारखान्याच्या फडावर नवरा बिमार पडला, त्याले आणाले जाते. आन ते वाकडं तोंड? लेकरू विचारते, बाबा कधी येईन, तेव्हा ते बाई हुंदका गिळून राह्यली असते. मी त्या हुंदक्याले तोंडं करणं म्हटलं होतं.

उत्तमकडं गेलो. तो म्हणे, जाऊ द्या मामा, गावानं ठरवलं. म्हटलं, गावानं पाह्यलंच नाही, गावानं मले आयकलं, आन म्या बी पाह्यलं नव्हतं. मंग रविवारी दुपारी सभामंडपात खिडक्याइले ताडपत्र्या बांधल्या, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला, मधात पांढरं कापड टांगलं आन त्याच्यावर पाणी मारलं. माणसं इकडं, बाया तिकडं. म्हटलं, जो मधात उठीन त्यानं मत द्याचं नाही. आन मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बायाइच्या बाजूले जाऊन बसलो.

तिथून रेणूची पिशवी डाव्या हातात दिसे. पहिल्या भागाले पलीकडून एक शिट्टी आली, मंग नाही आली. बाया चांगलं वाईट काहीच म्हणत नव्हत्या. एक म्हणे, अवं, लेकरू कोणापाशी ठेवलं तिनं? दुसरी म्हणे, दवाखान्याची चिठ्ठी घेतली काय वं? तिसरी म्हणे, इतक्या लांब एकटी, बसचं तिकीट तरी हाय काय तिच्यापाशी? त्या मत देत नव्हत्या, त्या तिच्यासोबत चालल्या होत्या.

उत्तम दारापाशी उभा होता, बसला नाही, उठून जाणाराचं मत धरणार नाही म्हटलं म्हून असंल, गेलाबी नाही. ताडपत्र्या सोडल्या तेव्हा एक जण म्हणे, मामा, कसं वाटलं? म्हटलं, मले नको इचारू. उत्तम पोरीपाशी गेला, जमिनीकडं पाहत म्हणे, उद्याची गाडी किती वाजता हाय तुही? ती म्हणे, सातची. तो म्हणे, डबा घेऊन जाजो, तिथं वेळेवर भेटत नसंल.

आता गिरणीवर कोणी फोन पुढं केला तं मी आधी पट्टा बंद करतो, गिऱ्हाईक चिडलं तरी करतो. त्या म्हातारीची बिदाई मले आता दाखवता येत नाही, ते कापलेली पट्टी गेली, म्हातारीबी गेली असंल. रेणूले एवढंच म्हणतो, माय, तुह्या नशिबात पुरं पाहणारे लोक येवो, आन कापडाच्या उलट्या बाजूले बसणारे त्याहून जास्त.