कर्जापुरता घटस्फोट

कागदावर घटस्फोट घेऊन जुना फ्लॅट नवऱ्याच्या, पेईखुनच्या, नावावर केला, की नावावर घर नसलेल्या सूजनला नव्या घरासाठी स्वस्त कर्ज मिळणार होतं. चीनमधल्या वुशी शहरातल्या बँकेत ती आणि तिची थोरली बहीण माझ्या पुढच्याच बाकावर नंबराची वाट पाहत बसल्या होत्या.

"घटस्फोटाचा दाखला आणलास ना?"

"आणलाय, ताई."

"कर्ज मिळालं की लगेच पुन्हा लग्न नोंदवा."

"पेईखुन म्हणतो, घाई काय आहे?"

"म्हणजे?"

"जुन्या फ्लॅटचं कुलूप बदललंय त्यानं."

"अगं बये! मग इथे कशाला बसलीस? ऊठ!"

"कर्ज नाही घेतलं तर नव्या घराचा बयाणा बुडेल."

"बुडू दे त्या मेल्याचा!"

"त्याचा नाही, ताई. आईनं भरलाय, गावचं घर विकून. तुला सांगू नको म्हणाली होती."