पंच्याऐंशी मिलिमीटर

तोग्झान: दोनदा मोजलं, आगा. एकेचाळीस कंटेनर आले होते. तेहतीस निळे, सात तपकिरी, एक पांढरा. चाळीस आपल्या कझाक गाडीवर चढले, पांढरा अजून चीनच्याच गाडीवर आहे. क्रेन दोन, त्यातली एक दुरुस्तीला. वारा सेकंदाला चौदा मीटर. वेळ सव्वाबारा.

सेयितकाली: आणि माणसं?

तोग्झान: तीन. क्रेनवर तुम्ही, इथे मी. आणि त्या पांढऱ्या कंटेनरबरोबर चीनहून आलेल्या बाई.

सेयितकाली: त्या कुठायत?

तोग्झान: कंटेनरपाशी उभ्या आहेत. आत चला म्हटलं तर येत नाहीत.

सेयितकाली: या वाऱ्यात? बोलाव त्यांना, पोरी. तुझी मोजदाद होईस्तोवर ती बाई उडून अलाकोल तळ्यात पडेल. चहा झालाय म्हणावं. दूध घालून, आपला.

तोग्झान: आल्याच बघा. या, या. दार घट्ट ओढा. ह्या लू वेनचिंग, आरशाच्या कारखान्यातल्या. आणि हे सेयितकाली-आगा. चोवीस वर्षं क्रेन चालवतायत.

वेनचिंग: नमस्कार, शिफू.

सेयितकाली: काय म्हणाल्या?

वेनचिंग: शिफू. ज्याच्या हातात कसब असतं त्याला आमच्याकडे तसं म्हणतात.

सेयितकाली: बरं झालं सांगितलंत. मला वाटलं शिवी दिली. बसा. रशियन झकास बोलता हो.

वेनचिंग: आई हार्बिनची. तिच्या शेजारी एक रशियन म्हातारी राहायची, तिच्याकडून शिकले. तुमची हरकत नसेल तर मी खिडकीपाशी बसते. तिथून कंटेनर दिसतो.

सेयितकाली: दिसू दे की. आहे काय त्यात, पोरगं ठेवलंय आत?

वेनचिंग: आरसा आहे. दुर्बिणीचा. दोन मीटर दहा सेंटिमीटर रुंद.

सेयितकाली: आरसा! अहो, इथून रोज मोटारी जातात, टीव्ही जातात. परवा गाडीभर खेळणी गेली. त्यांच्याबरोबर नाही कुणी चहा प्यायला येत.

तोग्झान: आगा, हा तसला आरसा नाही. कागदपत्रं वाचली मी. केसाच्या जाडीचे चार हजार भाग करा, त्यातल्या एका भागाइतकासुद्धा उंचवटा त्यावर कुठे नाही. हे हातांनी केलंय यांनी.

वेनचिंग: शेवटचे चौदा महिने हातांनी. आधी यंत्रानं. रोज एक तास घासायचं, मग काच निवेपर्यंत थांबायचं, मग मापायचं. घासण्यापेक्षा थांबणंच जास्त.

सेयितकाली: आणि काच कुठली?

वेनचिंग: जर्मनीतली. ओटीली नावाची बाई आहे, तिनं ओतली. चार महिने हळूहळू थंड केली. पाच वर्षांपूर्वी ती काच याच रुळांवरून माझ्याकडे आली. आता मी घासलेली तिच्याकडे चाललीय. तिथे मुलामा चढला की दुर्बिणीत बसेल. दोन्ही सरकारांनी मिळून करार केला होता.

सेयितकाली: कराराचं नका सांगू. त्यांचं धड बोलणं तरी चालू आहे का?

वेनचिंग: मध्ये बंद होतं. आमच्या मोटारींवर त्यांनी जकात लावली, त्यांच्या मांसावर आणि चीजवर आम्ही चौकशी लावली. मंत्र्यांच्या भेटी रद्द झाल्या. आमच्या संचालकांनी फोन उचलणं सोडलं.

तोग्झान: मग काम कसं चाललं?

वेनचिंग: ओटीली दर सोमवारी विचारायची, या आठवड्यात किती मापलं. मी आकडा पाठवायचे. ती तिच्याकडच्या गणितानं तपासून चूक कळवायची. दोनशे बारा सोमवार. ते मात्र कुणी बंद केलं नाही. बहुधा कुणाला माहीतच नव्हतं.

सेयितकाली: भले! आम्हाला तर त्यांचं भांडण आधी कळतं. जकातीची बातमी आली की गाड्या वाढतात. लागू व्हायच्या आत माल पार करायचा असतो ना. गेल्या वेळी दोन महिने सुट्टी नव्हती. ते भांडतात तिकडे, अन् पाठ धरते माझी.

वेनचिंग: एक विचारू? चीनचे रूळ आणि युरोपचे रूळ सारख्याच रुंदीचे आहेत. मग मधे हे उचलून ठेवणं कशाला?

तोग्झान: कारण मधे आम्ही आहोत. तुमचे चौदाशे पस्तीस मिलिमीटर, आमचे पंधराशे वीस. पंच्याऐंशी मिलिमीटरचा फरक. पोलंडच्या हद्दीवर पुन्हा अरुंद होतात, तिथे पुन्हा उचलतात.

सेयितकाली: पंच्याऐंशी मिलिमीटर म्हणजे एवढंच. माझी चार बोटं. या चार बोटांवर अख्खं गाव जेवतं, बाई.

वेनचिंग: शिफू, मग पांढरा कंटेनर तुम्हीच उचलाल ना?

सेयितकाली: नाही.

तोग्झान: आगा...

सेयितकाली: नाही म्हटलं ना. गेल्या हिवाळ्यात वाशिंग मशीनचा कंटेनर आपटला मी. एबी, हाच इथला वारा, अंगावर आला, टेकवताना अंदाज चुकला. तू तेव्हा नव्हतीस. आत धक्का मोजायचं यंत्र होतं, त्यानं तीन पूर्णांक चार दाखवलं. तेव्हापासून नाजूक माल मी उचलत नाही. चाळीस निळे-तपकिरी उचलून दिले, माझं झालं. हा क्रेनच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला उचलू दे.

तोग्झान: त्या यंत्रणेला वाऱ्याची झुळूक लागली तरी ती गचकन थांबते. मालाला झोका बसतो. तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

वेनचिंग: आमच्या आरशाजवळही तसलंच यंत्र आहे. आकडा दोनच्या वर गेला की जर्मनीतले लोक कंटेनर न उघडता परत पाठवतात. विम्याची अट आहे. इथपर्यंत सर्वात जास्त शून्य पूर्णांक नऊ झालंय, तेही रुळांच्या सांध्यांवर.

सेयितकाली: मग थांबा ना. वारा पडल्यावर उचला.

तोग्झान: आपली गाडी चारला सुटते. पुढची जागा अकरा दिवसांनी.

वेनचिंग: आणि मुलाम्याची पाळी तोपर्यंत निघून जाते. पुढची पाळी एका वर्षानं. वर्षभरानं ओटीली तिथे नसेल, शिफू. या डिसेंबरात ती निवृत्त होतेय. काच ओतल्यापासून तिनं ती पुन्हा पाहिलेली नाही.

सेयितकाली: हं. चहा घ्या, निवतोय.

तोग्झान: वाऱ्याला खंड पडणार आहे. पलीकडच्या वेधशाळेतून सकाळी निरोप आला. सोळा ते सोळा चाळीस, वारा पाचच्या खाली. बीजिंगचे सोळा म्हणजे आपले तेरा. एक वाजता. पंचवीस मिनिटं राहिली.

सेयितकाली: एक वाजता? आकाश बघ. त्या डोंगराच्या कडेला धुळीची रेघ आहे तोवर एबी पडत नाही.

तोग्झान: आकाश नको, आकडा सांगा.

सेयितकाली: आकडा तुझ्या खिडकीबाहेर फिरतोय. बघ एक वाजता.

(अर्ध्या तासानंतर, तिथेच.)

तोग्झान: एक वाजून दहा. वारा चौदा पूर्णांक दोन.

वेनचिंग: कमी झालं नाही?

तोग्झान: वाढलं. माझं काहीतरी चुकलंय. निरोप तर स्पष्ट होता.

सेयितकाली: निरोप पाठवला कुणी?

तोग्झान: वेधशाळेच्या माणसानं. नाव दौलेतबेक.

सेयितकाली: दौलेतबेक? तो तर आपला कझाक. सरहद्दीपलीकडे जन्मला, पण माझ्या मामेभावाचा साडू. लग्नात भेटलो होतो. अगं पोरी, तो कुठलं घड्याळ बघतो?

तोग्झान: चीनचं.

सेयितकाली: चीनचं कुठलं?

वेनचिंग: चीनमध्ये एकच घड्याळ आहे, शिफू. सगळीकडे बीजिंगची वेळ.

सेयितकाली: तुमच्या कारखान्यात असेल. तिकडच्या आमच्या लोकांनी त्या घड्याळावर चालायचं ठरवलं तर हिवाळ्यात दहा वाजता सूर्य उगवायचा. मेंढरं ऐकत नाहीत ते. कचेरीत बीजिंगची वेळ, घरी उरुम्चीची. दोन तास मागे. बाहेरच्या माणसाला निरोप असेल तर बीजिंगची लिहितात, घरच्याला असेल तर घरची.

तोग्झान: निरोपात काय लिहिलं होतं... ‘तोग्झान, बहिणी, सोळा ते सोळा चाळीस.’

सेयितकाली: बहिणी म्हणाला ना? मग घरची वेळ.

तोग्झान: म्हणजे तीन नाही, एकच तास वजा. पंधरा. तीन वाजता! मी फोन लावते.

वेनचिंग: मी त्या देशात सत्तेचाळीस वर्षं राहतेय. हे मला कुणी सांगितलं नाही.

सेयितकाली: तुम्ही मेंढरं पाळली नाहीत ना.

तोग्झान: हसतोय तो. तीन ते तीन चाळीस, म्हणाला. आणि बीजिंगची वेळ तुला कशाला लिहू, तू काय परकी आहेस, असं वर विचारलं. आगा, तीनला खंड मिळेल. हात मात्र तुमचाच लागेल. पाच मीटरच्या वाऱ्यातही यंत्रणेचा ब्रेक तसाच बसतो.

सेयितकाली: कुणा दुसऱ्याला...

तोग्झान: बाकीचे रजेवर आहेत. आणि असते तरी मी तुम्हालाच सांगितलं असतं. चार महिने मी खिडकीतून घड्याळ लावून बघतेय. नऊ मीटर दोरावर कंटेनरचा एक झोका सहा सेकंदांचा असतो, हे मी सूत्रानं काढते. तुम्ही क्रेन बरोबर सहा सेकंद वेग घेत नेता, आणि थांबवताना बरोबर सहा. त्यामुळे झोका उरतच नाही. पुस्तकात हे दोन पानांचं गणित आहे. तुम्ही ते कसं करता?

सेयितकाली: गणित कसलं. वडील मेंढरं दारातून सोडताना जोडीजोडीनं मोजायचे, त्या चालीनं मनात मोजतो. सहा जोड्या झाल्या की सोडतो.

तोग्झान: दोर लांब केला की?

सेयितकाली: मग सात. ते हाताला कळतं.

वेनचिंग: शिफू, माझ्याकडे पाच वर्षांपूर्वीची यादी आहे. काच येत होती तेव्हाची. प्रत्येक ठिकाणचा धक्का लिहिलाय. या यार्डापुढे शून्य पूर्णांक सहा. अख्ख्या प्रवासात उचलताना-ठेवताना इतका कमी आकडा दुसरीकडे नाही. आम्ही तेव्हा ओटीलीला विचारलं होतं, यंत्र बंद पडलं होतं का.

सेयितकाली: कुठली तारीख?

वेनचिंग: नऊ ऑक्टोबर.

तोग्झान: थांबा, जुनी पाळीची वही इथेच आहे. नऊ ऑक्टोबर. क्रेन एक, सेयितकाली.

सेयितकाली: मला आठवतसुद्धा नाही. दिवसाला दोनशे उचलायचो.

वेनचिंग: तुम्हाला आठवत नाही, इतकं ते तुमचं रोजचं होतं. म्हणूनच मी तुम्हाला विचारतेय.

सेयितकाली: ...माझे हातमोजे कुठे टाकलेस, पोरी?

(तीन वाजून पाच मिनिटं. सेयितकाली क्रेनच्या केबिनमध्ये आहे. तोग्झान आणि वेनचिंग खाली रुळांपाशी. बोलणं वॉकीटॉकीवर.)

तोग्झान: वारा चार पूर्णांक सहा. चारही कोपऱ्यांचे खटके बसले. उचला.

सेयितकाली: त्या बाईंना दहा पावलं मागे घे.

वेनचिंग: मी इथेच बरी आहे.

सेयितकाली: तुम्ही बऱ्या आहात, पण मला तुम्हीच दिसताय. कंटेनर दिसू दे.

तोग्झान: घेतलं मागे. गाडीवरून सुटला. अर्धा मीटर. एक मीटर. झोका नाही.

सेयितकाली: बोलू नको आता. मोजतोय.

वेनचिंग: किती सावकाश... वितळलेली काच ओततात ना, तसं. ओटीलीनं एकदा फोनवरून दाखवलं होतं.

तोग्झान: बघा, थांबला. झोका शून्य. आपल्या गाडीच्या बरोबर वर आहे. आगा, खाली घ्या. दीड मीटर. एक. अर्धा. तीस सेंटिमीटर. थांबा! वारा नऊ! दहा!

सेयितकाली: दिसतंय.

वेनचिंग: हलतोय तो. तोग्झान, हलतोय!

तोग्झान: वर घेता का, आगा?

सेयितकाली: वर घेतला तर झोका वाढेल. राहू दे आहे तिथेच. गप्प राहा दोघी.

तोग्झान: अकरा.

सेयितकाली: मागच्या वेळी इथेच घाई केली मी. वारा पडेल म्हणून टेकवला. पडू दे आधी.

वेनचिंग: थांबा, शिफू. हवं तितकं थांबा.

तोग्झान: नऊ. सात. पाच. झोका आहे अजून, दहा सेंटिमीटर. सहा. तीन.

सेयितकाली: जोडी... जोडी... जोडी... आता.

तोग्झान: टेकला? टेकला. खटके बसले. वेळ तीन सव्वीस. वेनचिंग, आवाज आला का तुम्हाला?

वेनचिंग: नाही. मी यंत्र बघून येते. दार उघडायला मदत करा.

सेयितकाली: मी खाली येत नाही. आधी आकडा सांगा.

तोग्झान: आगा, तुम्हाला वाटतं किती असेल?

सेयितकाली: मला काही वाटत नाही. तू वही उघड.

तोग्झान: वेनचिंग, नीट दिसतंय का? उजेड धरू?

वेनचिंग: दिसतंय. एक मिनिट, चष्मा पुसते. दोनदा बघते.

तोग्झान: वहीत लिहायला घेतलंय. क्रेन एक, सेयितकाली. पुढे काय लिहू?

वेनचिंग: उभा धक्का शून्य पूर्णांक चार. आडवा, शून्य पूर्णांक एक.