अकरा मिनिटांचं माप

म्हणा मंडळी, गोविंद गोविंद! — अं हं. निम्मे जण नुसते ओठ हलवताहेत. मला इथून सगळं दिसतं बरं का! पुन्हा म्हणा… हां, आता कसं!

तर मंडळी, ऐका. आजचा प्रश्न साधा आहे. माणसानं संशय घ्यावा की घेऊ नये? तुम्ही म्हणाल, बुवा, छे छे, संशय म्हणजे पाप! खोटं! साफ खोटं! मघाशी देवळात येताना एक चप्पल या खांबाशी आणि दुसरी त्या खांबाशी कोणी कोणी काढली? हात वर करा! — पेटीवाले काका, तुम्ही सुद्धा? — लाजू नका, माझीही एक तिकडे पारापाशी आहे. चोराला जोड मिळता कामा नये!

म्हणजे संशय घ्यावाच लागतो. जग तसं आहे. पण तो काढून ठेवायची जागा कोणती? की झोपतानाही पायात घालूनच झोपायचं? याचं उत्तर शोधायला आपण कराडला जाऊ.

कराडात होते एक नरहर आगटे. नोकरी काय? वजनमापे निरीक्षक! पेठेच्या तोंडाशी आगटे दिसले रे दिसले, की तागड्या आपोआप समतोल! कोणाच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली, कोणाचं लिटरचं माप ठोकून आत घेतलेलं — सगळं धरायचे. लाचेचा चहासुद्धा घेतला नाही कधी. सज्जन माणूस! पण घरी आल्यावर टोपी खुंटीला टांगायचे, संशय नाही टांगायचे. मुलगी मुग्धा शाळेतून प्रगतिपुस्तक आणायची, तर सही करण्याआधी शाळेचा शिक्का उजेडात धरून बघायचे! पुढे तिचं लग्न ठरलं. मुलाच्या माहितीत उंची होती पाच फूट नऊ इंच. यांनी साखरपुड्याच्या दिवशी जावयाला भिंतीशी उभं करून मोजलं! अर्धा इंच कमी भरला. "बुटासकट लिहिलेली दिसते," म्हणाले. व्याह्यांनी पेढा तोंडात घातला.

आता लग्न वैशाखात, आणि लग्नानंतर मुग्धा जाणार न्यूझीलंडला. बायको शैलजाताई म्हणाल्या, "अहो, त्याआधी आपण तिघं एकदा हंपी-बदामीला जाऊन येऊ. आणि एक व्हिडिओ कॅमेरा घ्या. तळहातात मावेल असा लहानसा. ती गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठेल हो मला. तेव्हा तिला बघायला तरी काहीतरी हवं."

बघा मंडळी, मागणं केवढं? लेक दिसावी, एवढंच!

आगट्यांनी काय केलं? चार रविवार दुकानं पालथी घातली! कॅमेरा मोठा असला तर म्हणायचे, "नुसतं खोकं मोठं." लहान असला तर म्हणायचे, "एवढ्याशात सगळं मावलंच कसं?" शेवटी सलीमभाई तांबोळींच्या दुकानात एक इवलासा कॅमेरा पसंतीस आला. खोक्यावर लिहिलेलं, वजन साडेचारशे ग्रॅम. आगट्यांनी पिशवीतून काय काढावं? तराजू! आणि सरकारी छापाची वजनं! तोलला. भरला चारशे बासष्ट!

"बारा ग्रॅम जास्त!"

सलीमभाई म्हणाले, "साहेब, जास्त भरला, तरी तक्रार?"

"कमी देणारा चोर, सलीमभाई. जास्त देणारा त्याच्याहून मोठा! तो कशावरून तरी आपलं लक्ष उडवतोय."

"साहेब, हातात अडकवायचा पट्टा आहे तो. सोडून तोला."

सोडून तोलला. बरोबर साडेचारशे. आगट्यांचा चेहरा असा पडला, की जणू नुकसान झालं! सोबत साठ मिनिटांची एक छोटी कॅसेट मिळाली. तीही त्यांनी कानाशी हलवून बघितली.

निघाली जीप हंपीला. तुंगभद्रेत टोपलीसारखी गोल होडी असते, गरगरा फिरते. मुग्धा आत बसून खिदळतेय, हाका मारतेय, "बाबा, इकडे बघा! बाबा!" आणि बाबा कुठे? काठावर, एका धोंड्यावर नारळ ठेवून त्याचं चित्रण करताहेत! का? तर खोक्यावर लिहिलेलं — दहापट जवळ दिसतं. दहापट म्हणजे दहापटच हवं! आधी दहा पावलांवरून नारळ, मग शंभर पावलांवरून नारळ. तुंगभद्रेच्या काठी साक्षात नारळाचं चित्रचरित्र!

शैलजाताई म्हणाल्या, "अहो, तो नारळ देवाला वाहायचाय!"

"वाहू. आधी खरा ठरू दे."

"नारळ?"

"कॅमेरा!"

आणि कॅमेरा कोणाच्या हातात द्यायचा नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, मी धरू थोडा वेळ?" लगेच, "तुझा हात हलेल." कॅसेट किती संपली हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतं, पण त्याकडे हे बघतील? "आरोपीचीच साक्ष कोण धरतो?" म्हणून स्वतःच्या खिशातलं स्टॉपवॉच! बटण दाबलं की वेळ सुरू, सोडलं की बंद.

शेवटच्या दिवशी सूर्य मावळत होता, आणि कॅसेट संपली. आगट्यांनी स्टॉपवॉच बघितलं. एकोणपन्नास मिनिटं!

"सापडला!" असे ओरडले, की माकडं पळाली. "साठ छापतो आणि एकोणपन्नास देतो! अकरा मिनिटं खाल्ली! मापात पाप!" मंडळी, सगळ्या सहलीत माणूस तेव्हा पहिल्यांदा हसला!

मुग्धाचा चेहरा उतरला. "बाबा, ते… मी सांगते—"

"साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये!"

आता तुमच्यासारखा माणूस काय करेल? घरी येऊन कॅसेट लावून बघेल. पण हे निरीक्षक! पुरावा पंचांसमोर बंद करायचा आणि पंचांसमोरच उघडायचा, हा हाडात मुरलेला शिरस्ता. शेजारचे गोरे मास्तर आणि दूधवाला रावजी, दोघांना पंच केलं. कॅसेट कागदात गुंडाळली, दोरा बांधला, घरच्या लाखेचा ठिपका दिला, सह्या घेतल्या. मुग्धा पुन्हा म्हणाली, "बाबा, निदान आधी घरी तरी बघा." आगट्यांनी तिच्याकडे तसंच बघितलं, जसं त्या प्रगतिपुस्तकाच्या शिक्क्याकडे बघायचे. पोरगी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात दुकानात. पंच हजर, शैलजाताई हजर, दाराशी मुग्धा. गिऱ्हाईकंही जमली, फुकटचा तमाशा कोणाला नको? आगटे कडाडले, "सलीमभाई, लावा मोठ्या टीव्हीवर!"

लाख फोडली. कॅसेट सुरू. नारळ. मैलाचा दगड. पुन्हा नारळ. रावजी म्हणाला, "सायेब, मानसं कवा येत्यात?" गिऱ्हाईकं हसली. आगटे घड्याळ धरून ताठ उभे.

आणि मग चित्र हललं. हात बदलला होता!

धर्मशाळेची ओसरी. दुपार. चटईवर कोण झोपलंय? स्वतः आगटे! तोंड जरासं उघडं, हात पोटावर. बाजूला शैलजाताई पदरानं वारा घालताहेत. आणि कॅमेऱ्यामागून आवाज मुग्धाचा, कुजबुजता —

"आई, हसू नकोस, उठतील. बघ ना, झोपेत बाबा किती छान दिसतात! झोपेत कुणावर संशय घेत नाहीत. जागेपणी माझ्याकडे असं बघतात, की वाटतं, मी काहीतरी लपवलंय. मी काही म्हणजे काही लपवलेलं नाही गं. मला तिकडे जाताना बाबा असेच न्यायचेत."

मग नुसते झोपलेले आगटे, आणि पदराचा वारा. अकरा मिनिटं! पुरी अकरा!

आगट्यांच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच. बंद करायचं सुचेना हो त्यांना! सलीमभाईंनी हळूच टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाले, "साहेब, माप पुरं भरलं."

आगटे म्हणाले, "एक कोरी कॅसेट द्या." दिली. त्यांनी ती उलटून बघितली नाही, हलवून बघितली नाही. तशीच खिशात टाकली. दाराशी आले, मुग्धाचा हात धरला आणि भर पेठेतून, ज्या पेठेला ते चळचळा कापायला लावायचे त्या पेठेतून, रडत घरी गेले.

घरी कॅमेरा काढला. "बस समोर. बोल काहीही. मी धरतो." पोरगी बोलायला लागली. लहानपणचं, शाळेचं, त्या शिक्क्याचंसुद्धा. आगटे कॅमेरा धरून ऐकताहेत, डोळे पुसताहेत. अर्धा तास गेला, आणि मुग्धा एकदम थांबली.

"बाबा, लाल दिवा लागलेलाच नाही! तुम्ही बटणच दाबलं नाही!"

आगट्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "राहू दे गं," म्हणाले. "मी बघतोय ना. तू बोल."

…तबला थांबवा जरा. तिसऱ्या रांगेतल्या निळ्या शर्टवाल्या दादा, मघापासून माझं कीर्तन मोबाइलमध्ये घेताय. घ्या, माझी ना नाही! पण शेजारी तुमची म्हातारी आई बसलीये. तिनं दोनदा तुमच्याकडे बघितलं, मी इथून बघितलं. तुम्ही नाही बघितलं! आणि बाकीचे काय हसताय? काल रात्री बायकोचा फोन वाजल्यावर "कोणाचा?" असं कोणी कोणी विचारलं, ते सांगू का नावानिशी?

देवा, बाजारात आम्हाला डोळस ठेव आणि घरात भोळं ठेव, एवढं घाल पदरात! बोला, गोविंद गोविंद! — आणि मंडळी, आता आपापल्या दोन्ही चपला शोधा. देवळात त्या दोन ठिकाणी ठेवल्यात, हुशारी केलीत. पण घरी पोचलात की दोन्ही उंबऱ्याबाहेर एकत्र काढा, आणि त्यांच्याशेजारी तो संशयही काढून ठेवा. तो काही चोरीला जात नाही. सकाळी तिथेच सापडेल!