दया, क्रमांक २६१७

हसणार नसाल तर सांगते. उमरग्यात आमच्या बायबल अभ्यासात मी भर सभेत उठले आणि शामूकाकांना म्हणाले, “तुम्ही वर्षानुवर्षं चुकीचं शिकवताय. मूळ हिब्रूत ‘दया’ म्हणजे लाज आणणं. शब्दकोशात बघा, क्रमांक २६१७.”

काका एवढंच म्हणाले, “पुढच्या रविवारी बोलू, पोरी.”

पण त्याच दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर तो कोश उघडला, ज्यात बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला असतो. क्रमांक बरोबर होता. फक्त मी तो हिब्रू यादीऐवजी मागच्या, पुन्हा एकपासून क्रमांक लावलेल्या ग्रीक यादीत शोधला होता; ‘लाज आणणं’ हा तिथल्या २६१७चा अर्थ होता.

“मग तिथंच सगळ्यांसमोर का नाही सांगितलं?”

“दया म्हंजे काय, तेच शिकवत होतो न्हवं?”

लाज म्हणजे काय, ते मात्र मला कोश न उघडताच कळलं.