बेचाळीस बिल्ले

(जुन्या तुरुंगाच्या दारातली रखवालदाराची खोली. संध्याकाळ.)

मुलगी : सकाळी या बेटावर बेचाळीस माणसं उतरली. संध्याकाळी फळ्यावर बेचाळीस बिल्ले परत लागले आणि बोट गेली. आम्ही दोघं मात्र इथेच आहोत.

रखवालदार : ताई, मी तरी काय सांगू? उतरल्यावर प्रत्येकाने खिळ्यावरचा एक बिल्ला घ्यायचा, निघताना तिथेच अडकवायचा. पाचला फळा भरलेला दिसला, मी बोटीला हात केला. माणसं कोण मोजत बसतो!

वडील : पद्धत जुनी आहे. कैदी दगड फोडायला जात, तेव्हापासून हाच फळा. इतक्या वर्षांत एक माणूस चुकला नाही.

मुलगी : आज दोन चुकले, बाबा. इतिहास नंतर. पुढची बोट कधी?

रखवालदार : उद्या अकराला. अंधारात या खडकांतून कुणी येत नाही. अगदी जिवावर बेतलं असेल तरच बोलावता येते.

मुलगी : मला रात्रीची गाडी गाठायची आहे. उद्या दहाला नव्या नोकरीसाठी प्रयोगशाळेत स्वतः हजर राहायचं आहे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते.

रखवालदार : आणि आदल्या दिवशी इकडे फिरायला आलात?

मुलगी : बाबांचा हट्ट. जाण्याआधी एकदा बेट दाखवतो म्हणाले.

वडील : लहानपणी कासवं बघायची म्हणून मागे लागायचीस.

मुलगी : कासवांचा किनारा दोरी बांधून बंद ठेवलाय. मी सुरय पक्ष्यांची घरटी पाहत बसले, दुर्बीण घेऊन, सव्वापाचपर्यंत. पिशवी तुमच्याकडे होती. दोन्ही बिल्ले पिशवीत होते.

वडील : पडले असतील. कुणा भल्या माणसाला सापडले, त्याने आणून लावले.

मुलगी : कप्प्याची चेन मी लावली होती. आत्ताही लावलेलीच आहे. म्हणजे बिल्ले चेन उघडून बाहेर पडले आणि जाताना लावून गेले.

रखवालदार : फारच शिस्तीचे बिल्ले हो!

वडील : तू जगातली प्रत्येक गोष्ट परीक्षानळीत घालून हलवतेस. काही गोष्टी घडतात. त्यात संकेत असतो.

मुलगी : संकेताला चेन उघडता येत नाही, बाबा. पाचला तुम्ही कुठे होतात?

वडील : मागच्या कोठडीत. दार ओढून घेतलं होतं. वारा फार होता.

रखवालदार : तरीच! बाकावर दिसला नाहीत, मला वाटलं बोटीत बसलात. चारला तर इथेच गुडघा चोळत बसला होतात. मला विचारलंत नाही का, फळा भरला की बोट लगेच सुटते, की साडेपाचपर्यंत थांबते?

मुलगी : हे विचारलंत तुम्ही?

वडील : सहज विचारलं.

मुलगी : पहिली नोकरी आली तेव्हा आईचं आजारपण होतं. दुसरी आली तेव्हा तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन्ही वेळा मी कुणाला बोल लावला नाही, कारण दोष कुणाचाच नव्हता.

वडील : दोन खोल्यांचं घर आणि दोन माणसं. तू गेलीस की एक खोली उघडायचंही कारण उरत नाही.

मुलगी : त्या खोलीला कित्येक वर्षं कुणी बाहेरून कडी लावलीय असं मला वाटतं. मला जायचंय का, हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही?

वडील : वाटलं. उत्तर माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

रखवालदार : मी... जरा बाहेर थांबतो.

मुलगी : थांबा इथेच. बाहेर जाऊन जाणार कुठे? चहूकडे पाणी आहे.

रखवालदार : तसं नाही ताई, बंदरावरून वायरलेसवर विचारणा झालीय. दोन माणसं मागे का राहिली, ते कळवायचं आहे. नाही कळवलं तर बोटवाल्यावर बालंट येईल. गरीब माणूस आहे. काय सांगू?

मुलगी : बाबांना विचारा.

रखवालदार : काका?

वडील : बोटवाल्याची चूक नाही म्हणावं. दोन्ही बिल्ले मी अडकवले. मुलगी उद्या कामावर पोहोचू नये म्हणून.