इंजिन बसवायची भाषा

साल १९९८, डिसेंबरची थंडी. आमलीतल्या माझ्या खोलीत पुतण्या सुनील आणि त्याचा भागीदार जिग्नेश यांनी दोन कॉम्प्युटर मांडले होते. एका कारखान्याच्या प्रोग्राममध्येच इंटरनेटची पानं उघडून दाखवायची होती. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर काम वापीच्या दुसऱ्या प्रोग्रामवाल्याकडे जाणार होतं. पानं दाखवणारं ब्राउझरचं इंजिन तयार मिळालं होतं, पण ते कॉम्प्युटरच्या कोणत्या भाषेत बसवायचं यावर दोघं आठवडाभर भांडत होते. सुनील म्हणे सी प्लस प्लस, जिग्नेश म्हणे व्हिज्युअल बेसिक.

मी फिटर, शाळा चौथीपर्यंत. एका सकाळी विचारलं, "अवघड कुठली?"

"सी प्लस प्लस," सुनील म्हणाला.

"मग तीच घ्या. घाम गाळल्याशिवाय काम टिकत नाही."

जिग्नेश म्हणाला, "काका, माझीवाली जेवणाआधी चालली तर आमचे डबे तुम्ही घासायचे."

"घासीन. पण आमच्या खात्यात मशीनची तारीफ करणारा तिची चाचणी घेत नाही. भाषांची अदलाबदल करा."

अकरा वाजता सुनील उड्या मारत बाहेर माझ्याकडे आला. "काका, पान उघडलं." मग माझं तोंड बघून हळू बोलला, "जिग्नेशच्या भाषेत."

जिग्नेश सी प्लस प्लसच्या पहिल्याच चुकीवर अडकून बसला होता.

जेवणं झाली. मी दोघांचे डबे उचलले, नळावर नेले आणि घासून आणले.